टॅब आणा, पण पाचच आणा

परवा शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग झाली आणि विषय निघाला टॅबचा. ग्रामपंचायतीकडं वित्त आयोगाचे पैसे आलेत, त्यातले तीन-साडेतीन लाख शाळेसाठी ठेवता येतील असं सरपंचताई म्हणाल्या, आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत दोघं-तिघं पालक म्हणाले की मग टॅबच घेऊन टाका, पलीकडच्या गावात सगळ्या पोरांना एकेक टॅब मिळालाय, आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय. आमचा पट तीस. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, त्यातली एक मी. हिशोब सरळ होता, तीस पोरं तीस टॅब, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मी म्हणाले घेऊया, पण तीस नको, पाच घेऊया.

एकदम शांतता झाली. एका ताईंना वाटलं मी पोरांच्या तोंडचा घास काढतेय, तसं त्या बोलल्या पण. त्यांचं काही चुकलं नाही, आपल्या पोराला चांगलं मिळावं हे प्रत्येक आईला वाटतंच. मला तिथं दहा मिनिटात सगळं नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितेय, आणि हे फक्त आमच्या शाळेपुरतं नाहीये, कारण ग्रामपंचायत निधी, कंपन्यांचा सीएसआर म्हणजे समाजासाठी ठेवलेला पैसा, माजी विद्यार्थ्यांची वर्गणी असं कुठून कुठून शाळांना टॅब येत असतात आणि बोलणं होतं ते किती घ्यायचे, कुठल्या कंपनीचे, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं एवढंच. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिसरीच्या वर्गात त्या टॅबचं नक्की काय करायचं हे कोणी विचारत नाही.

तीसची मला भीती का वाटते ते आधी सांगते. याआधी मी ज्या शाळेत होते तिथं हे सगळं होऊन गेलंय. एका कंपनीनं सीएसआरमधून प्रत्येक मुलाला टॅब दिला. मंडप पडला, फीत कापली, पेढे वाटले, पोरं खरोखर खूष होती आणि मी पण होते, मी त्या रात्री घरी बसून दुसऱ्या दिवशीचं काय काय ठरवत होते. टॅबमधे पाठ भरून आलेले होते, कार्टूनमधली एक बाई गोड आवाजात अपूर्णांक शिकवायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकदम सुरू केलं तर अठ्ठावीस टॅबमधून तीच बाई अठ्ठावीस वेगवेगळ्या ठिकाणी बोलायला लागली, कोणाचं पुढं कोणाचं मागं, काहीच ऐकू येईना. मग एकानं लावायचा बाकीच्यांनी बघायचा असं केलं, म्हणजे सत्तावीस टॅबचा उपयोग संपला. मग आवाज बंद करून नुसतं बघा म्हणलं, तर पोरं बघायची पण विचारलं तर काही सांगता यायचं नाही. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात कपाट उघडून नंबर बघून टॅब वाटायला दहा मिनिटं, गोळा करून मोजून परत ठेवायला पाच, मधे कोणाचा चार्ज संपलेला, कोणाचा अडकलेला, तो चालू करून देईपर्यंत घंटा. मी शिकवणारी होते, दोन महिन्यात मी वाटप करणारी झाले.

आणि त्यात आपल्याला काही बदलता येत नव्हतं हे जास्त लागलं मनाला. टॅब लॉक केलेले. कॅमेरा बंद, रेकॉर्डिंग बंद, दुसरं कुठलंही अ‍ॅप टाकायला पासवर्ड, आणि पासवर्ड कंपनीच्या माणसाकडं. वर्षभरानं लायसन्स संपलं, पाठ उघडायचे बंद झाले, तो माणूस फोन उचलेना. मे महिन्याच्या सुट्टीत टॅब लोखंडी कपाटात तसेच पडून राहिले आणि जूनमधे उघडले तर नऊ टॅबच्या बॅटऱ्या फुगून मागचं झाकण वर आलेलं. आता फुगलेली बॅटरी लेकरांच्या हातात कोण देणार. पण फेकूनही देता येत नाहीत कारण शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, निर्लेखन म्हणजे ती नोंद काढून टाकायची तर प्रस्ताव, सह्या, वरची मंजुरी, त्यामुळं मुख्याध्यापक सरांनी उरलेले चांगले टॅबसुद्धा कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात. मी त्यांना दोष देत नाही. उद्या एक स्क्रीन फुटली तर जबाब त्यांनाच द्यायचा असतो, पगारातून भरून घेतील ही भीती त्यांच्या मनात बसलेली, मग माणूस वस्तू जपतो, वापरत नाही. माझ्या मते टॅब मेले ते यानंच, इंटरनेट नव्हतं वगैरे नंतरच्या गोष्टी.

आता कोणी म्हणेल एका शाळेचा अनुभव सगळ्या राज्याला कशाला लावता. तर हे जगभर झालेलं आहे आणि आपल्या महाराष्ट्रात तर फार आधी झालंय. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत भारतातला पहिला 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा प्रयोग झाला होता, ते हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप, प्रत्येक मुलाला एक. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठातून निघालेली कल्पना, की मुलाच्या हातात यंत्र दिलं की तो आपला आपण शिकेल. पेरू देशानं तर हीच कल्पना धरून आठ लाखांवर लॅपटॉप घेतले. मग तिथल्या खेड्यातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला, २०१२ मधे त्याचा निकाल आला, आणि गणितात आणि भाषेत काहीच फरक पडलेला दिसला नाही. पोरं लॅपटॉप चालवायला शिकली, काही बौद्धिक चाचण्यात थोडी पुढं गेली, हे पण त्यात आहे, ते लपवायचं कारण नाही. पण वाचन-गणित होतं तिथंच राहिलं. का राहिलं, तर माझ्या मते शिक्षकानं रोजच्या धड्यात त्याचं काय करायचं हे त्याच्याबरोबर बसून नीट ठरलंच नव्हतं. आपल्याकडं २०१५ मधे मुंबई महापालिकेनं आठवीच्या मुलांना टॅब दिले, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून पुस्तकं त्यात भरून दिली. हेतू चांगलाच होता, पण पुस्तक कागदाऐवजी काचेवर आलं तर शिकवणं कुठं बदललं? पाठ तोच, स्वाध्याय तोच, फक्त आता त्याला चार्जिंग लागतं.

दुसरी बाजू पण मांडते, नाहीतर ते प्रामाणिक होणार नाही. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर झालेला अभ्यास आहे, २०१९ मधे प्रसिद्ध झालेला, त्यात शाळेनंतरच्या केंद्रात साडेचार महिने येऊन मुलांची गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती झाली, आणि तिथं प्रत्येकासमोर आपापला कॉम्प्युटर होता. मग तिथं का चाललं? कारण ते सॉफ्टवेअर इयत्ता बघत नव्हतं, मूल बघत होतं. सहावीतल्या पोराला तिसरीची वजाबाकी येत नसेल तर त्याला तिसरीपासून द्यायचं. आणि अर्धा वेळ स्क्रीन, अर्धा वेळ शिकवणारा माणूस लहान गटाला घेऊन बसायचा. हे मला मनापासून पटतं. पण आपल्याकडं शाळांना जे टॅब येतात त्यात बहुतेक वेळा इयत्तेप्रमाणे भरलेले व्हिडिओ असतात, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही चौथीचाच पाठ, फक्त रंगीत. आणि स्तर बघून गट करायचे हे काम 'प्रथम' संस्थेच्या लोकांनी खडू आणि कार्डांवर कितीतरी वर्षं करून दाखवलंय, ते टॅबवाचून अडलेलं नाही.

तर मग पाच तरी कशाला? काहीच नको की. नाही, पाच पाहिजेत, आणि मला ते मनापासून पाहिजेत.

आत्ताच्या शाळेत माझ्याकडं दोन यंत्रं आहेत, एक माझा जुना मोबाईल आणि एक ओळखीच्या मॅडमनी दिलेला त्यांच्या मुलीचा वापरून झालेला टॅब. दोन्हीत पाठ नाहीत, कार्टून नाही. मी त्यातलं फक्त कॅमेरा आणि आवाज रेकॉर्ड करायचं एवढंच वापरते, आणि दोन वर्षात माझ्या वर्गात जे झालं ते मला बारा वर्षाच्या नोकरीत जमलं नव्हतं.

तिसरीतल्या एका पोराचं सांगते. चुणचुणीत, तोंडी गणितात सगळ्यांच्या पुढं, पण वाचताना अडायचा आणि कुठं अडतो ते त्याला कळायचं नाही. मी सांगायचे, तो हो म्हणायचा, परत तेच. एकदा त्याला म्हणलं हा पाठ रेकॉर्ड कर आणि पुस्तकावर बोट ठेवून तुझं तूच ऐक. तो शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसला. थोड्या वेळानं पळत आला, "मॅडम, मी उद्याला उधा म्हणतोय!" दिवसातून पन्नास वेळा जो पोरगा उद्या म्हणतो तो छापलेलं 'उद्या' बघून 'उधा' वाचत होता, कारण द ला य जोडला की तो त्याला ध सारखा दिसायचा. विद्यार्थी पण विधार्थी, विद्या पण विधा. मी वर्षभर त्याची चूक दुरुस्त करत होते आणि चूक कुठं आहे ते मलाही नीट दिसलं नव्हतं, मला वाटायचं घाईत वाचतो. त्यानं मग स्वतःच पाठात जिथं जिथं द्य आहे तिथं पेन्सिलनं गोल केले आणि परत जाऊन रेकॉर्ड केलं. चार वेळा केलं. मी जागेवरून उठले पण नव्हते, पहिलीच्या पोरांना मणी मोजायला देऊन बसले होते.

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे माझ्यासाठी. दोन शिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडं दोन-दोन वर्ग असतात, एक सर ट्रेनिंगला गेले की चारही वर्ग एकाकडं. मी पहिलीला अक्षरं देत असते तेव्हा तिसरी काय करते? उतारा लिहून काढते, पाढे म्हणते, नाहीतर भांडते. हा रिकामा जाणारा वेळ हा आमच्यासारख्या हजारो शाळांचा खरा प्रश्न आहे आणि नवीन शिक्षण, नवोपक्रम जे काय म्हणतात ते इथं पाहिजे. टॅबमधे पाठ लावून दिला तर तिसरीची पोरं गप्प बसतील हे खरं, पण गप्प बसवणं म्हणजे शिकवणं नाही. त्याच पोरांना आपलं वाचन रेकॉर्ड करायला दिलं, काहीतरी शोधून फोटो काढून आणायला दिलं, तर ती गप्प बसत नाहीत, ती बोलतात, वाद घालतात, आणि ते सगळं कामाचं असतं.

दुसरं एक उदाहरण देते, हे जरा मोठं आहे पण मला फार जवळचं आहे. आमचा अकोले तालुका म्हणजे राहीबाई पोपेरेंचा तालुका, कोंभाळण्याच्या, बीजमाता म्हणून ज्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. पोरांना त्यांचं नाव माहितीय, भिंतीवर फोटो पण आहे, पण आपल्याच घरातल्या आजीकडं पण बियाणं असतं हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. परिसर अभ्यासात पिकांचा भाग आला तेव्हा मी दोन गट केले, दोन यंत्रं दिली आणि सांगितलं की घरोघरी जाऊन जेवढं जुनं बियाणं सापडेल त्याचा फोटो काढायचा, नाव विचारायचं, कधी पेरतात ते विचारायचं, आणि आजीचा आवाज रेकॉर्ड करायचा. आठवडाभर पोरं फिरत होती. काळभात, जिरवेल, रायभोग, नागली, वरई, वाल, गावठी घेवड्याचे तीन-चार प्रकार. वर्गात येऊन आम्ही फोटो समोरासमोर ठेवले तर दोन गटांनी एकाच भाताचा फोटो काढला होता आणि नावं दोन लिहिली होती. झालं, भांडण. मी काहीच बोलले नाही, मला खरंच माहिती नव्हतं. मग चौथीतल्या एका पोरीनं दोन्ही फोटो बोटांनी मोठे केले, अगदी दाणा स्क्रीनभर होईपर्यंत, आणि म्हणाली, "याला कुसळ आहे, त्याला नाही." बघितलं तर खरंच. भात एक नव्हताच, दोन होते. ती पोरं ते फोटो घेऊन परत आजीकडं गेली, आणि ज्या आजी पहिल्यांदा "मला काय कळतंय रे बाळांनो" म्हणत होत्या त्या फोटो बघून अर्धा तास बोलल्या, कुसळाच्या भाताला डुक्कर लवकर तोंड लावत नाही इथपासून.

हे टॅबशिवाय झालं असतं का? बियाणं गोळा करणं झालं असतं, आपले जुने गुरुजी हे करायचेच. पण दाणा स्क्रीनभर मोठा करून दोन दाणे शेजारी ठेवणं, आजीचं बोलणं परत ऐकून त्यातला एकेक शब्द लिहून काढणं, आपण जे लिहिलं ते खरं का हे पुन्हा जाऊन तपासणं, हे झालं नसतं. आणि पोरांच्या घरची बोली, जी आपल्या पुस्तकात कुठंच नाही, ती वर्गात अभ्यासाची गोष्ट म्हणून आली. कोकणातल्या, मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या शाळांमधे जिथं घरची भाषा कातकरी, कोरकू, गोंडी आहे तिथं तर हे किती करता येईल, एकेका गावाच्या शब्दांचं आवाजातलं पुस्तक पोरंच तयार करतील. तयार पाठ भरून दिलेल्या टॅबमधे हे कधीच नसणार कारण तो पाठ पुण्या-मुंबईत बसून सगळ्या राज्यासाठी एकदाच बनवलेला असतो.

छोट्या छोट्या गोष्टी पण खूप आहेत. ग्राउंडवर काठी रोवून दर अर्ध्या तासाला त्याच जागेवरून फोटो, मग सगळे फोटो भराभर सरकवले की सावली फिरताना दिसते. काटकोन, लघुकोन शाळेच्या आवारात शोधून फोटो काढून आणा, मग वर्गात वाद की हा काटकोन आहे का नाही, मग गुण्या लावून बघा. मोड आलेल्या मटकीचे पाच दिवसाचे फोटो. यात इंटरनेट लागत नाही, लायसन्स लागत नाही, आमच्या डोंगरात रेंज येत नाही त्यानं काही अडत नाही.

आता पाच का आणि तीस का नाही, ते मला वाटतं यातूनच कळेल. प्रत्येकाच्या हातात यंत्र आलं की प्रत्येक मूल आपल्या स्क्रीनमधे जातं, शेजारचा काय करतोय याच्याशी त्याला घेणं नाही. एका यंत्रामागं पाच-सहा जण असले की एकानं फोटो काढायचा, एकीनं विचारायचं, एकानं लिहायचं, एकीनं बरोबर झालं का बघायचं, आणि कुठला फोटो ठेवायचा यावरून बोलावं लागतं. ते बोलणं म्हणजेच शिकणं आहे, निदान या वयात तरी. पण दोन यंत्रात भागत नाही हे पण मी बघितलंय, पंधरा पोरं एकावर तुटून पडतात, पुढची चार बघतात आणि मागची, त्यात मुली जास्त, नुसत्या उभ्या राहतात. सहाला एक हे मला बरोबर वाटतं.

पालकांची एक मोठी काळजी असते, ती मी हलक्यात घेत नाही. इंग्लिश मीडियमच्या पोरांना सगळं मिळतं, आपली पोरं मागं पडतील, त्यांना टॅब चालवता आला पाहिजे. तर गावाकडच्या मुलांना किती वाचता-लिहिता येतं त्याची पाहणी करणारा असर २०२४ चा अहवाल बघा, गावाकडच्या १४ ते १६ वर्षाच्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्के मुलं म्हणतात आम्हाला तो वापरता येतो. ज्यांना येतो त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी काहीतरी बघितलं आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया. म्हणजे बोट फिरवायला शाळेनं शिकवायची गरज राहिलेली नाही, ते पोरं आपोआप शिकतात. त्याच अहवालात आहे की देशभरात गावाकडच्या तिसरीतल्या शंभरातल्या सत्तावीसच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. मागं पडणं म्हणतात ते हे. आणि घरी फोनवर ज्याची सवय लागते, नुसतं बघत बसायची, तीच शाळेनं आणखी तासभर द्यायची का? शाळेत पोरांना कळलं पाहिजे की यातून आपण काहीतरी बनवू शकतो, आपला आवाज यात जाऊ शकतो, आपल्या आजीचा जाऊ शकतो.

शिक्षकांना टेक्नॉलॉजी नको असते असं पण बोललं जातं आणि त्याचं मला वाईट वाटतं. उलट महाराष्ट्रात हे आधी शिक्षकांनीच केलंय. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा एका शिक्षकानं डिजिटल केली आणि राज्यभरातून शिक्षक ती बघायला गेले. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या वर्गातल्या पोरांसाठी पुस्तकाला क्यूआर कोड लावले, पुढं ते राज्याच्या पाठ्यपुस्तकात आले आणि २०२० मधे त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. गावोगावच्या तंत्रस्नेही शिक्षकांनी लोकवर्गणी काढून, स्वतःच्या खिशातून प्रोजेक्टर घेतलेत. या सगळ्यात आधी शिक्षकाच्या डोक्यात अडचण होती, मग कल्पना आली, मग वस्तू आली. आता वरून वस्तू आधी येते आणि शिक्षकाला सांगतात आता याचा वापर दाखवा, फोटो ग्रुपवर टाका. भेटीला येणारे साहेब टॅब मोजतात, रजिस्टर बघतात. एखाद्या साहेबांनी येऊन पोरांनी टॅबमधे काय बनवलंय ते दाखवा असं विचारलं ना, तर शाळा बदलायला वेळ लागणार नाही.

आणि शिक्षकाला वेळ पाहिजे. पोषण आहाराची रोजची माहिती, युडायस प्लस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, आधार, कसल्या कसल्या गुगल फॉर्मच्या लिंक आजच्या आज भरा म्हणून, हे सगळं आम्ही आमच्याच मोबाईलवर आमच्याच डेटानं भरतो. माझ्या हातात दिवसातला सगळ्यात जास्त वेळ स्क्रीन याच्यासाठी असते. शाळेत टॅब आले की ही कामं पण त्याच टॅबवर करा म्हणतील, आणि मग ते पोरांचे राहणार नाहीत. समितीच्या ठरावात हे स्पष्ट लिहून घ्यायला पाहिजे की हे टॅब कार्यालयाच्या कामाला वापरायचे नाहीत.

पैशाचं म्हणाल तर बरा कॅमेरा असलेला टॅब बारा हजारापर्यंत येतो, पाचाचे साठ हजार. जाड रबरी कव्हर आणि काच धरून सत्तर. तीस घेतले असते तर सगळे साडेतीन लाख त्यातच गेले असते आणि दुरुस्तीला रुपया उरला नसता. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला दहा हजार, त्यात खडू, झाडू, वीजबिल, पाण्याची टाकी, सगळं. एक स्क्रीन बदलायची म्हणलं तरी त्याला कात्री लागते. म्हणून वर्षाला दहा हजार दुरुस्तीसाठी बाजूला, तीन वर्षाचे तीस. एक सोलर पॅनल आणि बॅटरी, कारण बिल थकलं की शाळेची लाईट कापतात हे सगळ्या गावाला माहितीय आणि पावसाळ्यात तर लाईट दोन-दोन दिवस नसते. उरलेल्यात पुस्तकं. आमच्या वाचन कोपऱ्यातली पुस्तकं पोरांनी इतकी वाचलीत की पानं सुटलीत, त्यातली दोन-तीन तर मी भाताची पोती शिवायच्या सुईनं, पोत्याच्याच दोऱ्यानं शिवलीत. चांगली चित्रांची दोनशे पुस्तकं घ्या, दोन भिंगं घ्या, एक बऱ्यापैकी स्पीकर घ्या. टॅबच्या बरोबरीनं ही पुस्तकं मला तितकीच महत्त्वाची वाटतात.

अजून एक ठराव मी मागणार आहे आणि तो सगळ्यात अवघड जाईल, पण त्यावाचून बाकी सगळं फुकट आहे. टॅब पोराच्या हातून पडून फुटला तर त्याचे पैसे पालकाकडून घ्यायचे नाहीत, शिक्षकाकडून घ्यायचे नाहीत, समितीनं पंचनामा करून दुरुस्ती निधीतून करायचं आणि दुरुस्त होत नसेल तर त्याच मीटिंगला निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायचा. खडू झिजतो, फुटबॉल फाटतो, तसा टॅब पण फुटणार. तीन वर्षात पाचातले दोन फुटले तरी मला चालतील, कपाटात पाचही नवेकोरे राहिले तर नाही चालणार.

मीटिंग संपल्यावर ज्या ताई माझ्यावर नाराज होत्या त्या थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा दुसरीत आहे. त्यांनी विचारलं, "पाचात माझ्या पोराचा नंबर कधी लागणार मॅडम? मोठी पोरं देतील का त्याला?" हा प्रश्न सगळ्या मीटिंगमधला सगळ्यात खरा होता आणि त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडं तयार नव्हतं, म्हणून घरी येऊन कागद घेऊन बसले. पाच गट, प्रत्येकात सहा पोरं, पहिली ते चौथीची मिसळून. शाळेचे दिवस पण सहा. म्हणजे रोज एकाच्या हातात टॅब, त्या दिवशी फोटो कुठला काढायचा आणि काय ठेवायचं हे त्याचं, बाकीच्यांनी विचारायचं, लिहायचं, ऐकायचं, आणि मोठ्यानं हातातून काढून घ्यायचा नाही. फक्त शनिवारी अर्धी शाळा असते, ज्याची पाळी शनिवारी येईल त्याला कमी वेळ मिळतो, म्हणून दर आठवड्याला पाळी एकेक दिवस पुढं सरकवलीय. तक्ता कार्डशीटवर काढलाय, त्यांच्या मुलाचं नाव पहिल्या सोमवारी टाकलंय.